ग्रिलोच्या ग्लासातलं मिठागर

अमेरिकेहून परत आले तेव्हा वेंगुर्ल्यातल्या आमच्या आळीतल्या बायका भेटायला आल्या आणि पहिलाच प्रश्न आला, धबधबा कसा होता? मी म्हटलं, बघितला नाही. मग न्यूयॉर्कची ती मशाल धरलेली बाई? तीही नाही. अगं, मग सात आठवडे केलंस तरी काय? मी खरं ते सांगून टाकलं, की वाईनचा वास घेत होते. त्यानंतर सगळ्यांनी चहा पटापट संपवला. आता माझ्या पाठीमागे काय बोललं जातंय ते मला ठाऊक आहे, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते. निदान बोलणाऱ्यांना तपशील तरी बरोबर मिळतील.

पार्सिपनी

माझा धाकटा भाऊ सुधीर पस्तीस वर्षांपूर्वी अमेरिकेला गेला आणि न्यू जर्सीत पार्सिपनीला घर करून राहिला. बायको नीलिमा, आणि एकुलती एक मुलगी ईशा. ईशा तिथेच जन्मली, तिथेच फार्मसी शिकली, औषधांच्या कंपनीत चार वर्षं नोकरी केली आणि एक दिवस राजीनामा देऊन उत्तरेला, मॅसॅच्युसेट्समधल्या ग्लॉस्टर नावाच्या कोळ्यांच्या गावी निघून गेली. तिथल्या एका इटालियन खानावळीत ती वाईन निवडते, कुठल्या पदार्थाबरोबर कुठली द्यायची ते ठरवते आणि लोकांच्या ग्लासात ओतते. सुधीरच्या भाषेत, दारू वाढते. चौदा महिने बापलेक एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते.

सुधीरला लगेच वाईट ठरवू नका. आमचा मधला काका दारूपायी गेला. आम्ही लहानपणी शिरोड्याला राहायचो, बाबा तिथल्या मिठागरावर मुकादम होते, आणि दिवेलागणीला काकाला गुत्त्यावरून घरी आणायचं काम आम्हा भावंडांचं. एक हात मी धरायची, एक सुधीर. वाटेवरच्या घरांतली माणसं ओट्यावर येऊन बघत उभी राहायची. मी ती लाज गिळली, पुढे विसरूनही गेले. सुधीर विसरला नाही. त्याच्याकडे पार्टीला येणारे मित्र आजही पन्हं पिऊन घरी जातात.

"ताई, तू ये. ती तुझंच ऐकते," असं तो फोनवर म्हणाला. ओळखीच्या एका कंपनीत सप्टेंबरपासून तिच्यासाठी जागा होती, तिने नुसतं हो म्हणायचा अवकाश. मी जायचं आणि तिला समजावून परत आणायचं. मला वाटलं, त्यात काय, चार दिवस लाडीगोडी लावली की येईल पोर. तिरफळं, कोकमं आणि हे कामगिरीचं ओझं घेऊन मी विमानात बसले.

पहिला आठवडा मी झोपेच्या काठावरच होते. भर दुपारी डोळे मिटायचे आणि पहाटे टक्क उघडायचे. उजाडता उजाडता मागच्या अंगणात हरणं यायची, खरीखुरी, नीलिमाच्या गुलाबाच्या कळ्या खायची आणि शांतपणे शेजाऱ्यांकडे जायची. कोंबडा नाही, कुत्रं नाही, रस्त्यावर माणूस नाही. मी चहाचा कप धरून काचेशी उभी राहायची आणि मला वाटायचं, हे सगळं मला स्वप्नात दिसतंय, कूस बदलली की आमच्या परसातले माड दिसतील. मग नीलिमाचं कॉफीचं यंत्र गुरगुरायला लागायचं आणि दिवस सुरू व्हायचा.

एका सकाळी पोहे करत होते. सुधीर ओट्याशी उभा होता. मी मीठ मागितलं आणि नकळत तळहात पुढे केला. त्याने बरणी उचलून ओट्यावर, माझ्या हाताच्या शेजारी ठेवली आणि म्हणाला, हातावर नको. आमची आई सांगायची, मीठ हातावर देऊ-घेऊ नये, भांडण होतं. मला हसूच फुटलं. पस्तीस वर्षं अमेरिकेत काढलेला, औषधं बनवणारा माणूस! मी म्हटलं, अरे, भांडण तर तुझ्या घरात केव्हाच शिरलंय, मीठ न मागताच. तो हसला नाही. डबा घेऊन कामावर निघून गेला, आणि मला दिवसभर चुटपुट लागून राहिली.

श्रूजबरी

सुधीर मला घेऊन निघाला, पण श्रूजबरीपर्यंतच. तिथे त्याचा कॉलेजातला मित्र राहतो. ग्लॉस्टर तिथून सव्वा तासावर, पण त्या गावात पाय ठेवायचा नाही असं त्याने ठरवलेलं. तेव्हा ईशाने श्रूजबरीला येऊन मला न्यायचं. सरहद्दीवर कैद्यांची अदलाबदल करतात म्हणे, तशी माझी व्यवस्था झाली होती. मित्राच्या बायकोने वरण-भात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर असं साधंच जेवण केलं होतं आणि ते सगळ्यांच्या घशाखाली कसंबसं उतरलं.

ईशाची गाडी दारात आली तसा सुधीर मागच्या अंगणात गेला आणि मित्राची टोमॅटोची रोपं बघत उभा राहिला. ईशा आत आली, वाकून माझ्या पाया पडली. केस कापलेले, हाताला भाजल्याचा एक डाग, पण डोळे तेच, आमच्या आईचे.

"बाबा आहेत?"

"आहेत. टोमॅटो बघतायत."

तिने स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं. तिला त्याची पाठ दिसत होती. रोपांना अजून फुलंसुद्धा आली नव्हती, आणि हा बाबा पंधरा मिनिटं ती बघत होता. निघताना ईशा मला म्हणाली, "त्यांना सांग, पुढच्या रविवारी माझं लंच आहे. पहिलंच, माझ्या एकटीचं. I'm keeping a chair. ते आले नाहीत तरी खुर्ची राहील."

मी अंगणात जाऊन निरोप सांगितला. वर माझ्या पदरची पुस्ती जोडली, की रविवारी तिला मला सोडायला वेळ नाही, तेव्हा तीन वाजता तूच यायचंस, तिच्या दारात. त्याने टोमॅटोचं एक पान उलटून पाहिलं. "दारात येईन," म्हणाला, "आत येणार नाही."

मला तेव्हा दोघांचाही राग आला. एवढी शिकलीसवरलेली माणसं, आणि मध्ये एक खिडकी ओलांडवत नाही. वाटेत देशी दुकानात थांबून ईशाने खोवलेल्या नारळाची गोठवलेली पाकिटं आणि कढीपत्ता घेतला. मी गाडीत बसून मुसमुसले आणि ती यायच्या आत डोळे पुसून टाकले.

ग्लॉस्टर

ग्लॉस्टरला पोचलो ते धुक्यात. समोर बंदर आहे, बोटी आहेत, हे मला नाकाने कळलं. जाळी, डिझेल, ओलं लाकूड आणि मासळी. डोळ्यांना काही म्हणजे काही दिसत नव्हतं. मग धुकं जरा हललं आणि एका बोटीचं निळं नाक दिसलं, त्यावर बसलेला एक गलेलठ्ठ समुद्रपक्षी दिसला, परत सगळं पुसलं गेलं. एवढे हजारो मैल उडून मी पुन्हा वेंगुर्ल्याच्या बंदरावरच येऊन उभी राहिले होते, फक्त कुणीतरी ऊन काढून घेतलेलं. मी गारठले होते आणि मला फार बरं वाटत होतं.

खानावळीची मालकीण रोझा, पंचाहत्तरीची. तिचे आजी-आजोबा सिसिली बेटावरून मासेमारीसाठी इथे आले आणि इथलेच झाले. या गावात अशी पुष्कळ घरं आहेत. ठेंगणी, पांढरे केस, पायात स्लिपर. मला पाहिल्याबरोबर तिने माझे दोन्ही गाल ओढून पापे घेतले. आमच्याकडे नवऱ्यानेही कधी चारचौघांत हात धरलेला नाही, मी तर दगडच झाले. पण तिने लगेच मला बसवून पुढ्यात बशी ठेवली, आणि त्यात काय होतं? गाबोळी. माशाची अंडी! आपण ताजी तळून खातो, ते लोक मिठात दाबून वाळवतात आणि जायफळासारखी किसून शेवयांवर घालतात. मी एक तुकडा तोंडात टाकला आणि रोझाकाकूला तिथल्या तिथे माफ करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी ईशाने मला तिच्या छोट्या घरात, खिडकीशी बसवलं. एका ग्लासात बोटभर वाईन ओतली. रंग म्हणाल तर जवळपास पाण्याचाच, त्यात लिंबाची साल बुडवून काढावी इतका पिवळा. म्हणाली, पिऊ नको आत्या, मला फक्त वास सांग.

इथे माझ्या नाकाबद्दल थोडं सांगायला हवं. आमच्या माहेरी रोजचा स्वयंपाक नैवेद्याचा. देवाला दाखवल्याशिवाय कुणी चव घ्यायची नाही, रांधणारीनेही नाही. तेव्हा मीठ कमी-जास्त ते हाताने कळायला हवं, आणि बाकीचं वाफेवरून. नैवेद्याचा वाससुद्धा घेऊ नये म्हणतात, पण वाफ आपणहून नाकात शिरते त्याला बाई काय करणार? सासरी नैवेद्य सणावारापुरता उरला तरी माझी सवय गेली नाही. पन्नास वर्षं मी न चाखता रांधतेय, देवळात शंभर-शंभर पानांचा स्वयंपाक केलाय आणि मीठ कधी चुकलं नाही. याचा मला माज होता, तो लपवत नाही. ईशाने लहानपणी सुट्टीत येऊन हे बघितलेलं, म्हणून तिने मला बसवलं होतं.

मी वास घेतला. आधी लिंबाची साल. मग भिजवून सोललेला बदाम. मग रानातला कसलासा सुकलेला पाला. आणि त्याच्या मागे, फार मागे, अजून काहीतरी होतं. मी डोळे मिटले. एप्रिलातली दुपार, वारा खाडीकडून फिरलाय, चौकोनी वाफ्यांतलं पाणी आटत आलंय आणि वर मिठाची पातळ साय धरलीय. बांधावरून बाबा येतायत, खाकी अर्धी चड्डी, टाचांना भेगा, भेगांत पांढरं मीठ. मी आणि सुधीर त्यांची न्याहारी घेऊन उभे आहोत.

"मिठागर," मी म्हटलं.

ईशाने बाटली खाली ठेवली. मग फोनवर एक फोटो शोधून दाखवला. ही वाईन ग्रिलो नावाच्या द्राक्षाची, सिसिलीच्या पश्चिम टोकाची. फोटोत समुद्र, त्याच्या कडेला चौकोनी वाफे आणि मिठाच्या पांढऱ्या राशी, आणि राशींच्या मागे हिरवे मळे. आपल्याकडे राशी गवताने शाकारतात, तिथे कौलांनी. तेवढाच फरक. ती म्हणाली, पहिल्यांदा ही वाईन चाखली तेव्हा आजोबांचा जुना फोटो आठवला होता, मिठागरावरचा. म्हणून पहिलं लंच याच वाईनचं करायचं ठरवलं, सोबत आपलं कोकणातलं जेवण. रोझा बघणार होती. जमलं तर दर रविवार ईशाचा.

"बाबांना हे सांगितलंस?" मी विचारलं.

"दारू म्हटल्यावर त्यांनी पुढचं ऐकलंच नाही."

पुढचे दिवस कसे गेले मला नीट सांगता येणार नाही. सकाळी धुकं, दुपारी धुक्यातून गाळून आल्यासारखं ऊन, संध्याकाळ संपता संपायची नाही. मी रांधायची, ती एक घास घ्यायची, एक घोट घ्यायची, आणि घोट चक्क बादलीत थुंकायची! या धंद्यातले लोक असंच करतात म्हणे, नाहीतर दुपारपर्यंत आडवे होतील. एवढी बेटावरून आणलेली वाईन, आणि चूळ भरायला. मी पार्सिपनीला फोन करून सुधीरला सांगितलं, अरे, पोर पीत नाही, चूळ भरते. त्याने तिकडचं हवामान विचारलं. मग म्हणाला, तिकडे थंडी असते, स्वेटर घालत जा.

सोलकढी पहिल्याच दिवशी बाद झाली. आंबटावर आंबट, कढी आणि वाईन दोघीही रुसून बसल्या. लाल तिखटाच्या कोळंबीपुढे वाईन नुसती जळत होती. पण नारळाच्या रसातला बांगडा, त्यात ठेचलेली चार तिरफळं, असा घास घेऊन ईशाने घोट घेतला आणि बादलीकडे वळायचं विसरून गेली. काजूच्या उसळीबरोबर वाईनमधला बदाम पुढे आला. आणि इथल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्यांतली मासळी, आपल्यापेक्षा थोराड, जाड कवचाच्या, त्यांचं खोबरं घालून सुकं केलं तेव्हा ती म्हणाली, आत्या, याला अजून काहीही नको. मी ग्लास नाकाशी धरून बसायची. प्यायले नाही, पण वासानेच मला कुठे कुठे नेलं.

ज्यासाठी आले ते काम मात्र राहिलं होतं. शुक्रवारी बंदराच्या धक्क्यावर फिरायला गेलो तेव्हा मी नोकरीचं काढलं. सप्टेंबर, कंपनी, बाबांचा जीव. तिने सगळं ऐकून घेतलं.

"तिथे मी गोळ्यांचे आकडे बघायचे, आत्या. कोण घेतं, बरं वाटतं की नाही, काही कळायचं नाही. इथे माणूस समोर बसून जेवतो. I can see his face." मग जरा थांबून म्हणाली, "बाबा एकदा फक्त बसू देत. नंतर नाही म्हटलं तरी चालेल. न बघता नाही म्हणतात ना, ते लागतं."

मी पुन्हा विषय काढला नाही. कुणाच्या बाजूने आले होते तेच विसरले होते मी, आणि मला त्याचं फारसं वाईटही वाटलं नाही.

रविवार

चोवीस पानं होती, आणि पंचविसावी खुर्ची. स्वयंपाकघराच्या दाराजवळचं खिडकीतलं छोटं टेबल, त्यावर ताट, ग्लास, घडी घातलेला रुमाल. मी पहाटेपासून रोझाच्या चुलीशी होते. मोठी पातेली, मोठ्या ज्वाला, मिठाचा हा थोरला डबा. हात आपोआप चालत होते. मूठ, अर्धी मूठ, चिमूट. वाफ नाकाला बरोबर सांगत होती, तिरफळ उतरलं, नारळ शिजला.

जेवण साडेबाराला. बाराला खिडकीतून पाहिलं तर रस्त्यापलीकडे सुधीरची गाडी. तीनला ये म्हटलेला माणूस तीन तास आधी! हा जन्मभर असाच, गाडीच्या वेळेआधी फलाटावर जाऊन बसणारा. पण आज ते तेवढ्यासाठी नव्हतं हे मला कळलं. तो उतरला नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसला. रोझाने विचारलं, तो कोण? मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, ईशाज फादर. तिने स्लिपर फटफटवत रस्ता ओलांडला, गाडीचं दार उघडलं आणि त्याला कोपराला धरून आणलं. अन्न गरम असताना माझ्या दारात कुणी उपाशी बसत नाही, असं काहीसं बोलत होती. सुधीरला वडीलधाऱ्या बाईचा हात झिडकारता येत नाही. तो त्या खुर्चीवर बसला.

ईशा बाटली घेऊन बाहेर आली, तिने त्याला पाहिलं आणि थांबली. मग गेली, त्याच्या एका ग्लासात पाणी भरलं, दुसऱ्यात सगळ्या पाहुण्यांना देतात तशी बोटभर ग्रिलो ओतली, आणि पुढच्या टेबलाकडे वळली. मी चुलीकडे वळले आणि तिसऱ्यांच्या बश्या भरायला घेतल्या.

तिसऱ्या गेल्या आणि वाहवा झाली. ईशा मधोमध उभी राहून त्या बेटाबद्दल सांगत होती, राशी, कौलं, आपले आजोबा. तिचा आवाज सुरुवातीला अडखळला, मग लागला. सुधीर मान खाली घालून ऐकत होता. मग मी दारातून पाहिलं, त्याने इकडेतिकडे बघून तो ग्लास उचलला, नाकाशी नेला, आणि तसाच धरून राहिला. किती वेळ कोण जाणे. खाली ठेवला तेव्हा वाईन तेवढीच होती.

मग बांगडा, भात आणि काजूची उसळ गेली, आणि खोलीतला आवाज बसला. चमचे चालत होते, पण बोलणं नाही. अमेरिकन माणूस तोंडावर वाईट म्हणत नाही, तो हसतो आणि पाणी पितो. एक बाई घोट घेऊन नवऱ्याला हळूच म्हणाली की वाईन आंबट लागतेय. ईशाने ते ऐकलं. तिचा चेहरा पांढरा पडला. मला काही कळेना, कालपरवा तीच वाईन, तोच बांगडा.

सुधीर उठून स्वयंपाकघरात आला. आठवड्याने माझ्यासमोर उभा होता आणि पहिलं वाक्य काय बोलला?

"ताई, अळणी आहे."

मी म्हटलं, शक्य नाही. त्याने नुसता चमचा पुढे केला. पन्नास वर्षांत पहिल्यांदा मी माझ्या पातेल्यातलं चाखलं. सपक! मीठ कुठे म्हणून नाही. मिठाचा डबा बघितला. इथल्या हॉटेलांत जाडं, पापुद्र्यापापुद्र्याचं मीठ वापरतात. मूठभर दिसतं, पण हलकं, आपल्या मिठाच्या निम्म्यानेही खारट नाही. घरी ईशाकडे बारीक मीठ होतं म्हणून निभावलं, आणि आज माझ्या हातावर विसंबून तिनेही चाखलं नव्हतं. तिसऱ्यांनी समुद्रच पोटात आणलेला, म्हणून त्या वाचल्या. आणि मी, जिच्या हाताला मीठ कळतं, तिने चोवीस माणसांपुढे पोरीची अब्रू घालवली होती. जेवणात मीठ नसलं की असली वाईन नुसती आंबट लागते, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त रडू येत होतं. मी तिथेच स्टुलावर बसले.

सुधीरने डब्यात हात घातला. ते मीठ तळहातावर घेऊन दुसऱ्या हाताने चोळलं, बाबा चोळून बघायचे तसंच. म्हणाला, "मिठागरवाल्याच्या घरचं जेवण, आणि ताटात मीठ नाही वाढलंत?"

आपल्याकडे पान मांडलं की पहिलं मीठ. वर, मधोमध, चिमूटभर. मग लिंबू, चटणी, बाकी सगळं नंतर. आम्ही दोघी चार दिवस कुठला पदार्थ कुठे वाढायचा याचा खल करत होतो, आणि गोरी माणसं, गोऱ्या बश्या, म्हणून मिठाचा विचारच डोक्यात आला नाही.

त्याने एक वाटी भरून मीठ चोळून घेतलं, चमचा घेतला, बाह्या सरसावल्या आणि बाहेर गेला. पहिल्या टेबलाशी वाकला आणि बशीच्या वरच्या कडेला मिठाची एक लहानशी रास घातली. मग पुढच्या. त्याचं इंग्रजी ऑफिसातलं, खणखणीत. सांगत होता, आमच्या घरी जेवणाची सुरुवात मिठाने होते, माझे वडील मीठ पिकवायचे, माझी मुलगी त्याच मिठाची वाईन तुम्हाला पाजतेय. माझी मुलगी, म्हणाला. मी दाराला धरून उभी होते, मला सगळं धूसर दिसत होतं, आणि या वेळी ते धुकं नव्हतं.

ईशाने बाटली उचलली. मग ती त्याच्या मागोमाग निघाली. तो मीठ वाढायचा, ती सांगायची, आता चिमूटभर घासात मिसळा, आणि आता घोट घ्या. एकेका टेबलावर चेहरे बदलत गेले. मघाची ती बाई डोळे विस्फारून ग्लासाकडे बघत होती, तिच्या नवऱ्याने दुसऱ्यांदा भात मागितला. रोझाने हातात मीठ घेऊन चाटलं आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. कुणाला वाटलं असेल, हे आधीपासून ठरवलेलंच होतं. मी तरी कशाला सांगू.

पाहुणे गेले तेव्हा साडेतीन झाले होते. खिडकीतून ऊन आत आलं होतं, बंदर पहिल्यांदा या टोकापासून त्या टोकापर्यंत स्पष्ट दिसत होतं. रोझाने पातेल्यातलं उरलंसुरलं टेबलावर आणून ठेवलं आणि आम्ही चौघं जेवायला बसलो. सुधीरचा ग्रिलोचा ग्लास तसाच भरलेला होता. त्याने तो प्यायला नाही, कधी पिणारही नाही. पण उचलून बाजूलाही ठेवला नाही, आपल्या पाण्याच्या ग्लासाशेजारी राहू दिला.

नोकरीचं कुणी काढलं नाही. मग ईशाने भातावर रस घेतला, एक घास खाल्ला आणि मिठाची वाटी सुधीरपुढे होती म्हणून त्याच्याकडे तळहात पुढे केला.

"बाबा, मीठ."

सुधीरने चिमटीत मीठ घेतलं. तिचा हात टेबलावर तसाच पसरलेला होता, तो भाजल्याचा डाग वर आलेला. त्याने त्या डागाकडे पाहिलं, आपल्या डाव्या हाताने तिचा हात हलकेच बाजूला सारला आणि मीठ तिच्या ताटात, वर, मधोमध वाढलं.

"हातावर घेऊ नये," तो म्हणाला, "भांडण होतं. झालं तेवढं पुरे."